धर पत्ता, सांगते मनातलं!

ना काळी टोपी, ना ससा, ना झगमगतं स्टेज. पर्समध्ये बावन्न पत्ते आणि चेहऱ्यावर थोडा कॉन्फिडन्स, एवढ्या भांडवलावर 'मनातलं ओळखण्याचा' खेळ ऑफिसच्या पँट्रीतही रंगतो. फक्त एक गोष्ट आधीच ठरवून ठेवायला हवी. समोरच्याने खरंच विश्वास ठेवला तर काय करायचं?

सीन ओळखीचाच आहे. टीम आउटिंग, लोणावळ्याजवळचा बंगला, बाहेर धो धो पाऊस. मोबाइलला नेटवर्कची एकच काडी. अंताक्षरी 'ठ'वर अडकलेली, डम्ब शराड्स खेळून झालेलं, भजी संपलेली. मग कुणीतरी बॅगेतून पत्त्यांचा कॅट काढतं. बदाम सात? मेंढीकोट? रमी? अर्धी जनता नियमांवरून भांडायला लागते, उरलेली अर्धी पुन्हा मोबाइलमध्ये डोकं घालते. आणि अशा वेळी, एरवी मीटिंगमध्येही तोंड न उघडणारी अकाउंट्समधली मुलगी हळूच म्हणते, 'एक पत्ता मनात धर. बोलू नकोस. फक्त माझ्याकडे बघ.' दोन मिनिटांत अख्खा बंगला तिच्याभोवती!

मंडळी, याला म्हणतात मेंटॅलिझम. जादूच्याच घराण्यातलं, पण जरा वेगळ्या स्वभावाचं भावंड. आणि आनंदाची बातमी अशी, की त्यातले काही खेळ इतके सोपे आहेत की ते शिकायला एक रविवार दुपार पुरते. ना खास बनवलेला कॅट लागतो, ना बोटांची सर्कस. समोरच्याचाच, पिकनिकमध्ये चहा सांडून फुगलेला कॅट चालतो.

या लेखासाठी मी महिनाभर पर्समध्ये कॅट घेऊन फिरले. शिकवणी लावली ती एका परिचितांकडे. दिवसा बँकेत ऑफिसर, आणि गेली पंधरा वर्षं लग्न-मुंजीत हौसेने पत्त्यांचे खेळ दाखवणारे गृहस्थ. पहिल्याच दिवशी त्यांनी मला सांगितलं, 'खेळ शिकवायला एक तास लागेल. बोलायचं कसं आणि थांबायचं कुठे, हे शिकायला महिना.' तेव्हा मला ते जरा फिल्मी वाटलं होतं. महिना संपता संपता त्यातल्या 'थांबायचं कुठे'चा अर्थ नीट कळला. पण ते पुढे.

जादू वेगळी, हे वेगळं

साधा जादूगार म्हणतो, 'बघा, पत्ता गायब!' लोक त्याच्या हातांकडे बघतात. मेंटॅलिस्ट पत्ता गायब वगैरे करत नाही. तो म्हणतो, 'तुम्ही आत्ता कशाचा विचार करताय ते मला कळलंय.' लोक स्वतःच्या डोक्यात डोकावायला लागतात. हातचलाखीचा संशय येण्याआधीच लक्ष दुसरीकडे गेलेलं असतं. सगळा फंडा हाच!

'द मेंटॅलिस्ट' ही अमेरिकन मालिका (२००८ ते २०१५) बघितलेल्यांना पॅट्रिक जेन आठवत असेल. 'नाऊ यू सी मी' (२०१३) या सिनेमात वूडी हॅरलसनने असाच मेंटॅलिस्ट रंगवला होता. पण ही कला टीव्हीपेक्षा बरीच जुनी. अमेरिकेत जोसेफ डनिंजर रेडिओवरून लोकांची मनं 'वाचायचा', तीही १९४०च्या दशकात. थिओडोर ॲनेमन या अवघ्या पस्तिशीत गेलेल्या जादूगाराने १९३४ पासून 'द जिंक्स' नावाचं मासिक चालवलं. साध्या वस्तूंनी मोठा परिणाम कसा साधायचा, हा त्याचा ध्यास. ब्रिटनमधल्या टोनी कोरिंडाच्या 'थर्टीन स्टेप्स टू मेंटॅलिझम'ला तर या मंडळींमध्ये पाठ्यपुस्तकाचा मान. २००० साली डेरन ब्राउन ब्रिटिश टीव्हीवर आला आणि मेंटॅलिझम एकदम 'कूल' झालं.

आपल्याकडचं आजचं मोठं नाव म्हणजे सुहानी शाह. लहानपणापासून स्टेजवर जादू करणाऱ्या सुहानीला २०२५ मध्ये इटलीतल्या तुरिन इथे झालेल्या जादूगारांच्या जागतिक स्पर्धेत ऑनलाइन जादूसाठीचा पुरस्कार मिळाला. तिचं नाव लक्षात ठेवा, शेवटी पुन्हा लागणार आहे.

चला, आता कॅट हातात घ्या.

खेळ पहिला : ओळखीचा पत्ता

हा सगळ्या पत्ते-जादूचा श्रीगणेशा. मित्राला कॅट पिसायला द्या. मनसोक्त पिसू दे. परत घेताना कॅट टेबलावर ठोकून सरळ करा, आपण एरवी करतोच तसा. त्या वेळी सगळ्यात खालचा पत्ता पटकन नजरेखालून घाला. समजा, चौकटची सत्ती आहे. हा तुमचा ओळखीचा पत्ता. बास, चोरी एवढीच!

आता पत्ते पालथे पसरा आणि मित्राला मधला कुठलाही एक पत्ता घेऊन बघायला सांगा. तुम्ही मान वळवा. बघून झाला, की तो पत्ता त्याने कॅटच्या सगळ्यात वर ठेवायचा. मग कॅट त्यानेच काटायचा. म्हणजे वरचा अर्धा भाग उचलून बाजूला ठेवायचा आणि खालचा भाग त्याच्यावर. झालं काय? खालची सत्ती नेमकी त्याच्या पत्त्याच्या डोक्यावर येऊन बसली! आणखी दोनदा काटू द्या, जोडी सहसा फुटत नाही. पिसू मात्र आता द्यायचं नाही.

यानंतर वरून एकेक पत्ता सुलटा करत टेबलावर टाकत जा. चौकटची सत्ती आली, की तिच्या पाठोपाठ येणारा पत्ता त्याचा. (सत्ती अगदी शेवटी निघाली, तर समजा काटताना जोडी फुटली. मग सगळ्यात पहिला टाकलेला पत्ता त्याचा. म्हणून पहिला पत्ताही लक्षात ठेवा.)

इथपर्यंत हा नुसता पत्त्यांचा खेळ झाला. शाळकरी पोरं इथे 'हाच ना तुझा पत्ता?' म्हणून ओरडतात आणि लोक म्हणतात, 'हं, छान.' मेंटॅलिस्ट काय करतो? तो थांबतच नाही! मित्राचा पत्ता पडला तरी चेहऱ्यावर काही न दाखवता पुढचे आठ-दहा पत्ते टाकतो. मग हात थांबवतो, पत्ते बाजूला सारतो आणि म्हणतो, 'पत्ते जाऊ देत. तू माझ्याकडे बघ. तुझा पत्ता येऊन गेला. तू चेहरा अगदी सरळ ठेवलास, पण पापणी जरा जास्त वेळ मिटली. लाल होता... बदाम... चित्र नव्हतं... नव्वी?'

बघा गंमत! काम केलं चौकटच्या सत्तीने आणि श्रेय गेलं तुमच्या नजरेला. मित्र पुढचा अर्धा तास सगळ्यांना आपली पापणी कशी मिटली ते सांगत फिरतो. ती मिटलीच होती की नाही, हे त्यालाही माहीत नसतं.

खेळ दुसरा : मामाचे एकवीस पत्ते, नव्या अवतारात

उन्हाळ्याच्या सुट्टीत आजोळी हा खेळ पाहिला नसेल असा मराठी माणूस विरळा. एकवीस पत्ते, तीन ढीग, 'तुझा पत्ता कुठल्या ढिगात आहे?' असं तीनदा विचारायचं आणि मग मोजत मोजत अकरावा पत्ता काढायचा. प्रेमळ पण कंटाळवाणा! पुतण्या-भाच्यांनाही दुसऱ्यांदा बघवत नाही.

यामागे शुद्ध गणित आहे. जोसेफ जेर्गोन या फ्रेंच गणितज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या सुरुवातीलाच ढिगांच्या या कोड्याचा अभ्यास केला होता. प्रत्येक वेळी 'तो' ढीग बाकीच्या दोन ढिगांच्या मध्ये ठेवला, की पत्ता मधोमध सरकत जातो. पहिल्या फेरीनंतर सातांपैकी एक, दुसरीनंतर तिघांपैकी एक आणि तिसरीनंतर एकमेव.

आता नवा अवतार. मैत्रिणीला एकवीस पत्त्यांतला एक नुसता डोळ्यांनी निवडू दे. हात लावायचा नाही, नाव घ्यायचं नाही. पत्ते सुलटे, आळीपाळीने एकेक असे तीन ढिगांत वाटा. तिने ढीग दाखवला, की तो मध्ये ठेवून गोळा करा आणि पुन्हा तसेच वाटा. पुन्हा ढीग, पुन्हा मध्ये. तिसऱ्यांदा वाटताना प्रत्येक ढिगातला चौथा पत्ता लक्षात ठेवा. फक्त तीन पत्ते, आपल्या पासवर्डपेक्षा सोपे! तिने ढीग दाखवला त्या क्षणी तुम्हाला उत्तर कळलेलं असतं. त्या ढिगातला चौथा.

पण सांगायचं नाही! सगळे पत्ते तिच्याच हातात द्या. 'पीस. अजून पीस. आता पर्समध्ये टाक आणि चेन लाव.' नंतर तिच्या मनगटावर दोन बोटं ठेवून नाडी बघितल्याचा आव आणा. 'मी रंग म्हणते, तू फक्त मनात हो-नाही म्हण.' मामाने अकरावा पत्ता मोजून काढला होता, तुम्ही तर पत्त्यांना शिवतही नाही. मैत्रिणीला मधल्या तीन वाटण्या आठवतही नाहीत. आमच्या ग्रुपमधल्या एकीने नंतर घरी सांगितलं, 'तिने पत्ते हातातसुद्धा घेतले नव्हते!' आठवणीसुद्धा आपल्याला खेळवतात, त्या अशा.

खेळ तिसरा : निवड तुझीच, बरं का!

हा माझा सगळ्यात लाडका. आणि थोडा धोकादायकही, पण ते नंतर.

एका चिठ्ठीवर 'तू बदामची राणी निवडशील' असं लिहा, घडी घाला आणि सगळ्यांसमोर चहाच्या कपाखाली ठेवा. चारही राण्या टेबलावर सुलट्या मांडा. मित्राला सांगा, 'कुठल्याही दोन राण्यांवर हात ठेव.'

त्यात बदामची राणी असेल, तर म्हणा, 'ठीक, या दोघी राहू देत,' आणि उरलेल्या दोन उचला. नसेल, तर म्हणा, 'ठीक, या दोघी गेल्या,' आणि हाताखालच्या दोन उचला. दोन्ही वेळी बदामची राणी टेबलावरच राहते. आता, 'एक उचलून माझ्या हातात दे.' बदामची दिली, तर 'ही तू निवडून मला दिलीस.' दुसरी दिली, तर 'म्हणजे तुझ्यासाठी उरली ही.' वाट कुठलीही असो, मुक्कामाचं गाव एकच! मग कप उचला.

जादूगारांच्या भाषेत याला 'मॅजिशियन्स चॉइस' म्हणतात. म्हणजे निवड जादूगाराची, वाटते मात्र प्रेक्षकाची. नियम दोनच. पुढे काय होणार ते आधी सांगायचं नाही आणि बोलताना अडखळायचं नाही. 'अं... बरं... मग या ठेवू या' असं म्हटलंत, की संपलं. आणि त्याच माणसाला हा खेळ त्याच दिवशी पुन्हा दाखवायचा नाही. कितीही 'वन्स मोअर' आला तरी!

आपलं डोकं फसतं तरी का?

आपल्याला वाटतं, आपण मोकळेपणाने निवडतो. संशोधकांना मात्र शंका आहे. कॅनडातल्या जे ओल्सन आणि त्याच्या सहकाऱ्यांनी २०१२ मध्ये पत्त्यांच्या मानसशास्त्रावर अभ्यास प्रसिद्ध केला. कुठल्याही एका पत्त्याचं नाव घ्या म्हटलं, की लोकांच्या तोंडी वारंवार येतात ते इस्पिकचा एक्का आणि बदामची राणी. बावन्न पत्ते असून!

ओल्सन स्वतः जादूगारही आहे. २०१५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या दुसऱ्या प्रयोगात तो लोकांसमोर कॅट भर्रकन फिरवायचा आणि एक पत्ता डोळ्यांनी टिपायला सांगायचा. ठरवलेला पत्ता बाकीच्यांपेक्षा किंचित जास्त वेळ दिसेल, एवढीच त्याची करामत. १०५ पैकी १०३ जणांनी तोच पत्ता निवडला! आणि बहुतेकांना आपण तो स्वतःच्या मर्जीने निवडला असंच वाटत होतं.

दुसरी गोष्ट, आपण आपल्यावर बोललेलं लगेच पटवून घेतो. १९४८ मध्ये बर्ट्रम फोरर या अमेरिकन मानसशास्त्रज्ञाने ३९ विद्यार्थ्यांची व्यक्तिमत्त्व चाचणी घेतली आणि प्रत्येकाला 'खास त्याचं' असं वर्णन दिलं. विद्यार्थ्यांनी वर्णन किती जुळतं याला पाचपैकी सरासरी ४.२६ गुण दिले. प्रत्यक्षात सगळ्यांना एकच मजकूर दिला होता आणि त्यातली बरीच वाक्यं भविष्याच्या पुस्तकातून उचललेली! 'तुम्ही वरून शांत दिसता, पण आत खूप विचार चाललेला असतो', हे वाक्य ऑफिसमध्ये कुणालाही म्हणून बघा. समोरचा मान डोलावणारच.

मावशींचा प्रश्न

आता ते 'थांबायचं कुठे'.

बाणेरला मी ज्या को-वर्किंग ऑफिसात बसते, तिथल्या पँट्रीत महिनाभर माझे प्रयोग चालले होते. प्रेक्षक हक्काचे : दोन कोडिंगवाले, एक सीए, एक सतत फोनवर असणारा स्टार्टअपवाला. चहा-कॉफी बघणाऱ्या मावशी ओट्याशी उभ्या राहून सगळं बघायच्या, पदराआड हसायच्या. एका गुरुवारी संध्याकाळी सगळे गेल्यावर त्या माझ्या टेबलापाशी आल्या.

'ताई, जरा बोलायचं होतं. तुम्हाला मनातलं कळतं ना?'

मी हसून 'नाही हो' म्हटलं. त्यांनी ते ऐकलंच नाही. 'माझ्या पोरीला दोन स्थळं आलीत. एक सोलापूरकडचं, शेती हाये. एक इथलंच, चिखलीचं, पोरगा कंपनीत हाये. रविवारी कळवायचंय. तुम्ही नुसते पत्ते टाका आन् सांगा, कुठलं करू?'

माझ्यासमोर त्याच दुपारच्या चार राण्या पडल्या होत्या. 'दोघींवर हात ठेव, एक मला दे.' मला वाटेल ते उत्तर मावशींच्या तोंडून काढून घेणं अर्ध्या मिनिटाचं काम होतं, आणि ते त्यांना देवाचा कौल वाटलं असतं. मुलगी विशीची. रविवार तीन दिवसांवर.

'मावशी, मला काही कळत नाही. हा नुसता खेळ आहे,' मी पुन्हा म्हटलं. त्या समजुतीने हसल्या. 'तुम्हाला सांगायचं नसंल म्हणून असं म्हणता.'

म्हणजे बघा, नाही म्हटल्यावर विश्वास कमी व्हायच्या ऐवजी वाढला! मग मी त्यांना खुर्चीवर बसवलं. जादूगारांचा पहिला नियम म्हणजे गुपित फोडायचं नाही. मी तो त्या संध्याकाळी बाजूला ठेवला. कॅट ठोकून सरळ केला, खालचा पत्ता दाखवला. काटल्यावर तो कुठे जातो ते दाखवलं. सावकाश, तीनदा. चौथ्यांदा कॅट त्यांच्या हातात दिला आणि मी पत्ता घेतला. मावशींनी ओठ घट्ट मिटून एकेक पत्ता टाकला, आणि माझी किलवरची पंजी माझ्यासमोर धरली.

'अगं बाई! एवढंच?'

त्या खूप हसल्या. मग एकदम गप्प झाल्या. 'म्हंजी आमच्याकडं तो सुपातलं तांदूळ बघून सांगतो... त्याला पाचशे रुपये दिले मागल्या महिन्यात. तो बी असंच कायतरी खालून बघत असंल.'

मी काही बोलले नाही. त्यांनीच विचारलं, 'मग आता ठरवायचं कसं?'

'मुलगी काय म्हणते?'

'तिला कुठं इचारलंय अजून.'

कप विसळून त्या निघाल्या. जाताना कॅट मागून नेला, पोरीला दाखवायला. कुठलं स्थळ ठरलं, की दोन्ही नाकारली, ते मी विचारलेलं नाही. तो पत्ता त्यांच्या मुलीचा.

सांगूनही पटत नाही, तेव्हा...

मावशी भोळ्या, आपण इंजिनीअर, असं म्हणून हसू नका. १९८० मध्ये प्रसिद्ध झालेला कॅलिफोर्नियातला एक अभ्यास बघा. कॉलेजच्या वर्गात एका तरुणाने मेंटॅलिझमचे साधे खेळ केले. काही वर्गांना तो 'अतींद्रिय शक्ती असलेला' म्हणून सांगितला, काहींना सरळ 'हा जादूगार आहे, युक्त्या दाखवणार आहे' असं सांगितलं. जादूगार म्हणून ओळख करून दिलेल्या वर्गांतही निम्म्याहून अधिक विद्यार्थ्यांना त्याच्याकडे खरंच शक्ती आहे असं वाटलं!

आणि 'शक्ती वगैरे नाही हो, मी बॉडी लँग्वेज वाचतो' असं म्हटलं म्हणजे सुटलो का? तर तेही नाही. २०१८ मध्ये लंडनमधल्या गुस्टाव कून आणि सहकाऱ्यांनी हेच तपासलं. असा खेळ बघितल्यावर, तो दाखवणारा मानसशास्त्रज्ञ म्हणून आला असो की जादूगार म्हणून, चेहऱ्यावरच्या बारीक हालचालींवरून मन वाचता येतं या समजुतीवर लोकांचा विश्वास वाढला. आपली ती पापणी आठवली? उद्या त्याच समजुतीने कुणीतरी इंटरव्ह्यूला आलेल्या मुलीला 'डोळे डावीकडे गेले, म्हणजे खोटं बोलतेय' म्हणून नापास करेल.

आपल्या महाराष्ट्राला तर हा प्रश्न नवा नाही. अंधश्रद्धा निर्मूलन समितीचे कार्यकर्ते गावोगावी हेच करत आले आहेत. आधी 'चमत्कार' करून दाखवायचा आणि लगेच त्यामागची युक्ती समजावून सांगायची. समितीचे संस्थापक डॉ. नरेंद्र दाभोलकर यांचा २० ऑगस्ट २०१३ रोजी पुण्यात खून झाला. त्यांनी वर्षानुवर्षं ज्याचा पाठपुरावा केला तो जादूटोणाविरोधी कायदा त्याच वर्षी झाला. तथाकथित चमत्कार करून पैसे कमावणं, त्यांचा प्रसार करून लोकांना फसवणं हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिन्यांपासून सात वर्षांपर्यंत. करमणुकीसाठी, करमणूक म्हणूनच दाखवलेल्या पत्त्यांच्या खेळाची गोष्ट वेगळी. पण दोन्हींत हाताची युक्ती एकच असते. फरक फक्त त्यानंतरच्या एका वाक्याचा.

२०२३च्या जानेवारीत मनातलं ओळखणाऱ्या बाबांवरून देशभर वाद पेटला होता, तेव्हा सुहानी शाह न्यूज चॅनेलवर बसली. तिने अँकरच्या मनातलं ओळखून दाखवलं आणि लगेच सांगितलं, ही कला आहे, चमत्कार नाही. गुपित फोडलं नाही, पण दावाही केला नाही. जुन्या काळी एका इंग्रजाने असंच केलं होतं. रेजिनाल्ड स्कॉट त्याचं नाव. चेटकीण ठरवून बायकांना मारण्याच्या त्या दिवसांत, १५८४ साली, त्याने पुस्तक लिहून हातचलाखीच्या युक्त्या उघड केल्या. त्यात पत्त्यांचेही खेळ होते. ज्याला लोक चेटूक म्हणतात ते अनेकदा चार बोटांचं काम असतं, हे त्याला दाखवायचं होतं. म्हणजे आपल्या पँट्रीतला खेळ दिसतो तेवढा हलकाफुलका नाही, आणि तेवढाच छान आहे!

खेळताना हे पाळा

सराव आरशासमोर नको, माणसासमोर करा. पत्ते पिसण्यापेक्षा बोलण्याचा सराव जास्त लागतो. घरची मंडळी हे उत्तम गिऱ्हाईक, ती मुळीच दया दाखवत नाहीत.

एका बैठकीत दोनच खेळ. तिसरा मागितला, की कॅट पर्समध्ये.

चुकलात तर घाबरू नका. 'आज सिग्नल वीक आहे' म्हणून हसा आणि पुढच्या खेळाकडे वळा. एखादा नेम चुकला, की उलट लोकांना खेळ जास्त खरा वाटतो.

खिल्ली उडवायची नाही. ज्याचा पत्ता ओळखला तो हिरो, तुम्ही नाही. बॉससमोर ज्युनिअरची फजिती करण्यासाठी तर मुळीच नाही.

पैज लावून, पैसे लावून हे खेळ खेळू नका. जिंकायचं आधीच ठरलेलं असताना लावलेली पैज म्हणजे फसवणूकच.

नोकरी, लग्न, आजारपण, हरवलेली माणसं, या विषयांवर पत्ते टाकायचे नाहीत. गंमत म्हणूनसुद्धा नाही. तिथे समोरचा खेळ बघत नसतो, तो उत्तर शोधत असतो.

आणि कुणी डोळे मोठे करून 'खरंच कळतं तुला?' असं विचारलं, तर सरळ सांगा, 'नाही रे, रोज रात्री अर्धा तास सराव करते.' टाळ्या तेवढ्याच पडतात. झोपही छान लागते!